मोरॅनचं चित्र आधी की यलोस्टोन उद्यान आधी?

रंगशलाका
चित्रकार थॉमस मोरॅनचं ‘ग्रँड कॅन्यन ऑफ द यलोस्टोन’ हे चित्र पाहून अमेरिकी काँग्रेसने यलोस्टोनचं राष्ट्रीय उद्यान केलं, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. पण कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांची सही झाली १ मार्च १८७२ ला, आणि काँग्रेसने चित्र विकत घेतलं त्याच वर्षी जूनमध्ये. मग खासदारांनी आधी नेमकं काय पाहिलं होतं? चित्रातला देखावा एकाच जागेवरून दिसतो का? आणि त्या काळच्या फोटोंत माणूस क्वचितच का दिसतो?

घळ
शंका रास्त आहे. मार्चमध्ये ते ७ बाय १२ फुटी तैलचित्र पूर्णच झालं नव्हतं. वॉशिंग्टनमध्ये दाखवले गेले ते भूगर्भशास्त्रज्ञ फर्डिनांड हेडनच्या १८७१ च्या सरकारी सर्वेक्षणात विल्यम हेन्री जॅक्सनने काढलेले फोटो आणि मोरॅनचे जलरंग. उकळती कुंडं खरोखर आहेत, हे फोटोंनी पटलं. दरीचा पिवळेपणा जलरंगांनी पोचवला.

पैशाची बाजूही बघा. मोरॅनला प्रवासासाठी ५०० डॉलर उसने दिले ते ‘जे कुक’ नावाच्या माणसाने, म्हणजे नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेला पैसा उभारून देणाऱ्या सावकाराने. त्या रेल्वेला प्रवासी हवे होते. चित्राला पुढे काँग्रेसने १०,००० डॉलर मोजले.

देखावा एका जागेवरचा नाही. वेगवेगळ्या ठिकाणी पाहिलेलं मोरॅनने एका चौकटीत आणलं आणि ते त्याने लपवलंही नाही. खडकांचा पोत आणि रंग मात्र त्याने जपला. त्यामुळे चित्र हातात धरून तिथे उभं राहण्याची ‘ती’ जागा शोधत बसू नका.

ओलीकाच
फोटो आणि कायदा यांचं नातं पाहायचं तर यलोस्टोनच्याही मागे जायला हवं. कार्लटन वॉटकिन्सने १८६१ मध्ये योसेमिटीत १८ बाय २२ इंची काचांवर फोटो घेतले. लिंकन यांनी ३० जून १८६४ ला योसेमिटीची दरी कॅलिफोर्निया राज्याकडे जतनासाठी सोपवली, त्याआधी हे फोटो पूर्वेकडे पोचले होते. काचा एवढ्या मोठ्या का? तेव्हा छाप काचेला कागद भिडवून काढत, त्यामुळे जेवढी काच तेवढाच फोटो.

कृती अशी: घासून पुसलेल्या काचेवर कोलोडियन (एक घट्टसर, चिकट द्रव) ओतायचं, चारही कोपऱ्यांना फिरवायचं, उरलेलं एका कोपऱ्यातून बाटलीत परत. थर चिकटसर झाला की अंधाऱ्या तंबूत ३ ते ५ मिनिटं सिल्व्हर नायट्रेटमध्ये. मग काच ओली असतानाच कॅमेऱ्यात, लगेच परत तंबूत, फेरस सल्फेटने प्रतिमा वर आणायची, धुवायची, पक्की करायची. हे सगळं १०-१५ मिनिटांत. थर वाळला तर रसायन आत शिरत नाही आणि डाग पडतात. धूळ बसली की भोकं. वाऱ्याने झाडांचे शेंडे पुसट.

हा थर निळ्या प्रकाशाला चटकन दाद देतो, लाल-पिवळ्याला जवळजवळ नाही. म्हणून आकाश कोरं पांढरं येतं, ढग हरवतात आणि यलोस्टोनचे पिवळे कडे काळपट दिसतात. मोरॅनच्या जलरंगांची गरज इथेच कळते. कॅमेऱ्याची उघडझाप सेकंदांच्या हिशेबात असल्याने धबधबा दुधासारखा दिसतो आणि चालता माणूस उमटतच नाही.

वाटाड्या
शेवटच्या वाक्याला पुरवणी जोडतो, कारण रिकामेपणाचं सगळं श्रेय कॅमेऱ्याला देता येत नाही. योसेमिटीतल्या ‘अवानीची’ या मूलनिवासी लोकांना मारिपोसा बटालियन या सशस्त्र तुकडीने १८५१ मध्ये हुसकावलं होतं. वॉटकिन्स आला दहा वर्षांनी. यलोस्टोनच्या डोंगरांत तुकुदिका हे मूलनिवासी राहत होते, उद्यान झाल्यावर त्यांनाही जावं लागलं. मोरॅनच्या चित्रात तरी समोरच्या कड्यावर दोन चिमुकल्या आकृती आहेत आणि त्यातली एक मूलनिवासी माणसाची आहे. पुढे १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याने ‘माणूस जिथे फक्त पाहुणा असतो, राहत नाही’ अशी रानाची व्याख्याच करून टाकली. तुकुदिकांच्या पिढ्या जिथे नांदल्या त्या जागेला ही व्याख्या कशी लावायची, हे मला अजून कुणी नीट समजावलेलं नाही.

रंगशलाका
तारखांचा घोळ सुटला. आता जॅक्सनचे फोटो आणि १८७१ चे जलरंग शेजारी ठेवून पाहते, एकच कडा दोन्हींत सापडतो का ते.