बुद्धिबळपटू पॉल मॉर्फीचा ऑपेरातला डाव (पॅरिस, १८५८): आठव्या चालीला बी७ का सोडलं?

मालवणी_घोडा: सुट्टीच्या वर्गात मुलांना हा डाव दाखवायचाय. सातव्या चालीला मॉर्फीचा पांढरा वजीर बी३ वर येतो, काळ्याचा ई७ वर. मग बी७चं प्यादं फुकट असताना मॉर्फी घोडा सी३ला का काढतो? पोरं हे विचारणारच.

उंट_एफ८: फुकट नाही हो. वजीराने बी७ मारलं की काळा बी४वर वजीराने शह देतो, वजीरावजीरी होते. पांढऱ्याला एक प्यादं जास्त, पण पुढे लांबलचक अंत्यखेळ. तेही चांगलंच, चूक नव्हे. मॉर्फीला हल्ला हवा होता, कारण ई७वरच्या वजीराने एफ८च्या उंटाची वाट अडवलीय. तो उंट आणि एच८चा हत्ती शेवटपर्यंत हलतच नाहीत.

देवगडकर: खरी गंमत बाराव्या चालीत. पांढरा वजीराच्या बाजूला कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र चाल) करतो आणि हत्ती थेट डी१वर येतो. तिथे थांबा, अडकलेले घोडे मुलांनाच शोधू द्या: डी७चा हलला तर मागचा राजा उघडा, एफ६चा हलला तर मागचा वजीर. पटावरच मांडा, पावसात लाईटचा काय भरवसा!

उंट_एफ८: आणि सोळावी चाल, वजीर बी८ शह, झाकून ठेवा. घोड्याने वजीर मारलाच पाहिजे. मग डी पट्टी मोकळी, हत्ती डी८वर मात. त्याला जी५च्या उंटाचा जोर आहे. मुलं नेमका तोच उंट विसरतात.

मालवणी_घोडा: आणि काळ्याची नववी चाल, प्यादं बी५?

देवगडकर: तीच नडली. पांढऱ्याने घोडा देऊन दोन प्यादी घेतली, वर शह.