विषय: लॅरमीच्या किल्ल्याचा तट – निर्णय शनिवारपूर्वी हवा

प्रेषक: दिवाळी किल्ला समिती

सर्वांस सप्रेम नमस्कार.

या वर्षी फोर्ट लॅरमी (अमेरिकेतील वायोमिंगमधले जुने व्यापारी आणि नंतर लष्करी ठाणे) करायचा हे राजगडाच्या वेळीच ठरले होते, तो वाद पुन्हा नको. अडचण तटाची आहे. आराखड्यात चहूबाजूंनी तट दाखवला आहे. परंतु त्यातच असलेली ओल्ड बेडलम ही दुमजली लाकडी इमारत 1849 ची, म्हणजे लष्कराने हे ठाणे 4000 डॉलरना विकत घेतले त्या वर्षीची आहे, आणि लष्कराने संपूर्ण ठाण्याला वेढणारा तट कधी बांधलाच नाही. मातीची पोती शनिवारी आणायची असल्याने किती आणावीत ते कळवावे.

प्रेषक: सल्लागार मंडळ

तटाविना किल्ला मुलांना पटणार नाही. 1834 मध्ये सबलेट आणि कॅम्पबेल या कातडीच्या व्यापाऱ्यांनी येथे उभारलेला कोट कॉटनवूडच्या ओंडक्यांचा होता. 1841 मध्ये अमेरिकन फर कंपनीने त्याऐवजी कच्च्या विटांचा, सुमारे 15 फूट उंच भिंतींचा फोर्ट जॉन बांधला. लाकोटा या तेथील मूळ रहिवासी जमातीचे लोक बायसनची केसांसह कमावलेली कातडी तेथे आणून ब्लँकेटे, मणी, सुऱ्या आणि तंबाखू नेत. ठाण्याचा जन्म व्यापारातून झाला असल्याने 1841 चाच देखावा करावा आणि ओल्ड बेडलम वगळावी.

प्रेषक: लाकूडकाम विभाग

काका, मागील वर्षी सुवेळा माचीही आपण अशीच वगळली होती. ओल्ड बेडलमच्या दोन्ही सज्ज्यांचे कठडे आइस्क्रीमच्या काड्यांचे करून झाले आहेत, त्यामुळे ती राहील. लष्करी अधिकारी फेटरमनच्या तुकडीचा लढाईत नाश झाल्याची वार्ता घेऊन जॉन फिलिप्स बर्फातून दौडत 25 डिसेंबर 1866 च्या रात्री लॅरमीला पोहोचला, तेव्हा याच इमारतीत नाताळचा नाच चालू होता. एवढा प्रसंग सोडून आपण केवळ कातड्यांचे ढीग का दाखवावेत? शिवाय लष्कर आले म्हणून फोर्ट जॉन लगेच पाडला गेला नाही, तो 1862 मध्ये पाडला. तेव्हा देखावा 1850 नंतरच्या दशकाचा धरून एका बाजूस तटासह जुना फोर्ट जॉन आणि कवायतीच्या मैदानाभोवती लष्कराच्या उघड्या इमारती ठेवल्यास दोघांचेही समाधान होईल आणि माती निम्मीच लागेल.

प्रेषक: बागकाम विभाग

आळीव सर्वत्र पेरण्यास माझा विरोध आहे. अमेरिकन सरकार आणि मूळ रहिवासी जमाती यांच्यातील 1851 च्या करारासाठी जमलेल्या हजारो लोकांच्या घोड्यांना ठाण्याजवळ गवत पुरेना, म्हणून ती सभा प्लॅट नदीच्या खालच्या अंगाला हॉर्स क्रीकपाशी न्यावी लागली होती. आळीव त्या कोपऱ्यातच पेरावेत. खेळण्यातील गाय मात्र अवश्य आणावी, कारण 1854 मध्ये एका प्रवाशाची गाय मारली गेल्यावरून लेफ्टनंट ग्रॅटन तुकडीसह लाकोटांच्या तळावर चालून गेला आणि त्यात तो स्वतः व त्याची तुकडी मारली गेली.

प्रेषक: दिवाळी किल्ला समिती

लाकूडकाम विभागाचा आराखडा स्वीकारला असून मातीची दोनच पोती आणली जातील. मावळ्यांचा डबा कृपया घरीच ठेवावा. महाराजांना लॅरमीच्या बुरुजावर बसवण्याची सूचना समितीने एकमताने फेटाळली आहे.