गच्चीवरची फेरी, पाटीभर तोडा : खान्देशातले अनुभव

पाटीभर वांग्या-मिरच्यांचा फोटो डोळ्यांना बरा वाटतो. पण फोटोखाली रोप कधी लावलं, कुंडी केवढी, माती कसली हे लिहिलेलं नसेल तर दुसऱ्याला त्याचा काय उपयोग? त्यातून पुण्या-नाशकाचं वेळापत्रक जळगाव-धुळ्याला चालत नाही. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, बागेचा खरा हंगाम पोळ्यापासून होळीपर्यंतच. तेव्हा मंडळी, बाग दाखवा, पण मापांसकट. रोगट पानंही दाखवा, आणि पान उलटं करून, कारण कीड खालच्या बाजूलाच बसलेली असते.

जळगाव, गच्ची : भरताचं वांगं

बामणोद-आसोद्याकडचं हिरवं, पांढऱ्या रेषांचं, पातळ सालीचं आणि कमी बियांचं वांगं कुंडीत होतं, पण १५ इंच रुंद आणि तितक्याच उंच बॅगेत एकच रोप. दोन लावली की फळ लिंबाएवढं राहतं. शेतातली काळी माती नुसती भरू नका. पाणी दिलं की फुगते, सुकली की भेगा पडून मुळं तुटतात. चाळलेली माती दोन भाग, कुजलेलं शेणखत दोन भाग, जाड वाळू एक भाग, कोकोपीट एक भाग आणि बॅगेमागे दोन मुठी निंबोळी पेंड.

चंपाषष्ठीला घरच्या वांग्याचं भरीत हवं असेल तर जुलैअखेर बी टाका. ३०-३५ दिवसांचं रोप लावा. तिथून पहिल्या तोड्याला अडीच महिने धरा.

फुलं गळतात म्हणून लगेच औषध शोधू नका. ज्या फुलात मधला दांडा पुंकेसरांच्या वर डोकावतो तेच फळ धरतं. आखूड दांड्याची फुलं गळणारच. मात्र झाड नुसतंच पाल्याला लागलं असेल तर नत्र जास्त झालंय, खत थांबवा. तुडतुडेही अशाच लुसलुशीत पाल्यावर येतात.

खरी शत्रू शेंडे आणि फळं पोखरणारी अळी. शेंडा मान टाकतो तेव्हा ती आत असते, वरून फवारून हाती लागत नाही. छिद्राच्या दोन बोटं खाली शेंडा कापा आणि साबणाच्या पाण्यात बुडवा. कंपोस्टमध्ये टाकलात तर पतंग होऊन तीच परत येणार. हे आठवड्यातून दोनदा. जोडीला निंबोळी तेल ५ मिली आणि थोडा द्रव साबण एक लिटर पाण्यात, उन्हं उतरल्यावर. तोडताना सालीची चकाकी बघा. साल मंद पडली की बी कडक झालं. मग पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर) कितीही छान भाजा, बडगीत (लाकडी भांड्यात) कितीही ठेचा, बी दाताखाली येणारच.

धुळे, परसबाग : गिलकी, दोडकी

कळी पिवळी पडून गळते तेव्हा बहुतेक वेळा परागीकरण झालेलं नसतं. गिलक्याचं फूल पहाटे-सकाळी उमलतं, दोडक्याचं आणि दुधी भोपळ्याचं संध्याकाळी. सकाळी दोडक्याला हात लावून काही होत नाही. पाठीमागे छोटं फळ असलेली ती मादी. नराच्या पाकळ्या काढून पुंकेसर तिच्या मध्यावर हलकेच फिरवा. एक नर दोन-तीन माद्यांना पुरतो. फळ धरलं की कागदी पिशवी बांधा, नाहीतर फळमाशी अंडी घालते आणि फळ वाकडं होऊन सडतं. क्यू ल्यूरच्या (फळमाशीला वासाने ओढणाऱ्या आमिषाच्या) सापळ्यात फक्त नर माश्या सापडतात, म्हणून सापळा लावला तरी पिशवी हवीच. गळलेलं फळ जमिनीवर राहू देऊ नका.

नंदुरबार : मिरचीचा चुरडा-मुरडा

ताई-भाऊ, चुरडा-मुरडा म्हणजे पानं आकसून वळणं. पान वर वळलंय का खाली ते आधी बघा. वर, होडीसारखं वळलं तर फुलकिडे (थ्रिप्स) : निळे चिकट सापळे आणि निंबोळी तेल. खाली वळून देठ लांबला तर कोळी (माइट, डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड) : पाण्यात विरघळणारं गंधक २ ग्रॅम प्रति लिटर. पण गंधक आणि तेल एकत्र नको, दोहोंत दोन-तीन आठवडे जाऊ द्या. कडक उन्हाळ्यात गंधक मारूच नका, पानं भाजतात. शिरा पिवळ्या, झाड खुजं आणि पांढरी माशी दिसत असेल तर तो विषाणू. त्याला औषध नाही, झाड उपटा.

रावेर : अंगणातली केळी

दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा. घड निसवेपर्यंत (बाहेर पडेपर्यंत) बुंध्याशी फुटणारी पिलं जमिनीलगत कापत राहा, नंतर एकच ठेवा. शेवटची फणी उलगडली की केळफूल मोडून घ्या, भाजी होते आणि घडही पोसतो. घडाच्या दांड्यावर वाळलेलं पान गुंडाळा, नाहीतर उन्हाने तो काळा पडून घड अर्ध्यात तुटतो. आधाराला दोन बांबूंची कैची.

भुसावळ : मे महिना

पन्नास टक्क्यांची शेडनेट, पश्चिमेकडून खालीपर्यंत सोडलेली. काळ्या बॅगांना बारदान गुंडाळा, खाली विटा ठेवा, मातीवर दोन-तीन इंच पाचट (उसाचा वाळलेला पाला) किंवा केळीची वाळलेली पानं पसरा. पाणी सकाळी सातच्या आत. संध्याकाळी द्यायचं तर नळीतलं तापलेलं पाणी आधी बादलीत सोडा, ते मुळांवर गेलं की झाड शिजलंच. दुपारी पानं लोंबली म्हणून लगेच पाणी नको. बोट दोन इंच खुपसा, ओल लागली तर संध्याकाळी झाड आपोआप उभं राहतं. टोमॅटोचा नाद या दिवसांत सोडा : पारा ३५ च्या वर गेला की पराग निकामी होतात, फुलं गळतात. भेंडी, गवार, शेवगा, कढीपत्ता तग धरतात. बोअरच्या जड पाण्याने कुंडीच्या काठावर पांढरा थर आला तर खरवडून काढा. पावसाळ्याच्या पहिल्या दोन जोरदार सरींत कुंड्या उघड्यावर ठेवून खालची भोकं मोकळी करा, साठलेला क्षार धुऊन निघतो.