मर्दुमकी फक्त मर्दांची नव्हे

'मर्दुमकी म्हणजे पुरुषी बढाई' असं काही जण म्हणतात, ते मला पटलं नाही. हल्ली तो शब्द टोमण्यातच जास्त ऐकू येतो, एवढं खरं. पण मुळातल्या फारसी 'मर्दुम'चा अर्थ माणूस, माणसं. बेळगावात ज्यांचं केंद्र आहे त्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधवांनी १९४५ साली इटलीत सेनिओ नदीवर आधी दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून सुखरूप काढलं, मग मशीनगनची ठाणी बंद पाडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मला मर्दुमकी दिसते ती त्या 'आधी'मध्ये.

आणि आमच्या खानापूर भागात माझी आजी हा शब्द बायकांनाही बिनदिक्कत लावायची. एका पावसाळ्यात मलप्रभेचं पाणी गोठ्यात शिरलं. शेजारच्या काकू कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या, विळ्यानं दावी कापली आणि दोन्ही म्हशी बाहेर काढल्या. दावं काचून मनगटावर जाड काळानिळा वळ उठला होता. आजीनं त्यावर हळद लावली, वळावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मर्दुमकी केलीस गं बाई."