जुन्या मॉनिटरचं प्लॅस्टिक बादलीत जावं की परत मॉनिटरमध्ये?

रामबागकर (धागाकर्ता)

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक डबडं मॉनिटर (ढेरीवाला, जुना), दोन प्रिंटर आणि रिमोटांची एक पिशवी निघाली. आपल्या कचरागाडीत ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, पण त्यात हे धूड कुठे मावणार, म्हणून अटालेवाल्याला हाक मारली. (पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी: अटाला म्हणजे भंगार. इंदुरात 'भंगारवाला' अशी हाक मारली तर कुणी मान वळवत नाही.)

पठ्ठ्याने ओट्यावरच बैठक मारली. पहिल्या प्रिंटरचे स्क्रू दहा मिनिटांत काढले. मोटर एका पोत्यात, बोर्ड दुसऱ्यात, वायरी तिसऱ्यात. उरलेलं सांगाडं मात्र त्याने पायाने बाजूला सारलं. "ये तो ऐसे ही ले जाएंगे भिया, इसका कुछ नहीं मिलना." कुठे जातं विचारलं, तर म्हणाला, दानेवाल्याकडे. तिथे दळून दाना होतो आणि त्याच्या बादल्या, टब, खेळणी. उरलेलं पुढच्या आठवड्यात नेतो म्हणून गेला.

माझं म्हणणं असं: यंत्राचं प्लॅस्टिक यंत्रातच परत जायला हवं. बादलीत नाही, खेळण्यात तर नाहीच. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातलं १.७ कोटी टन प्लॅस्टिक होतं. म्हणजे चौथ्या हिश्शाहून जास्त. आणि आपल्याकडे? २०२२ च्या ई-कचरा नियमांत कंपन्यांना पुनर्चक्रणाची प्रमाणपत्रं दाखवावी लागतात, ती मिळतात चार धातूंवर: सोनं, तांबं, ॲल्युमिनियम, लोखंड. प्लॅस्टिकचा त्या हिशेबात पत्ताच नाही. ज्याची वही नाही, त्याला वाली कोण?

होत नाही असंही नाही. डेलने २०१४ मध्ये ऑप्टिप्लेक्स ३०३० या आपल्या संगणकाच्या कवचात जुन्या संगणकांचंच प्लॅस्टिक वापरलं होतं. मग इथे का नको?

सांवेररोडवाला

धागा वाचून हसू आलं, राग मानू नका. वीस वर्षं मोल्डिंगचं काम करतोय. प्लॅस्टिक म्हणजे सोनं नाही, की वितळवलं आणि परत चोवीस कॅरेट.

तुमच्या दोन प्रिंटरची कवचं दिसायला सारखी असली तरी एक एबीएस, दुसरं हाय इम्पॅक्ट असू शकतं, म्हणजे प्लॅस्टिकच्या दोन वेगळ्या जाती. मॉनिटरमध्ये पॉलिकार्बोनेट मिसळलेलं असेल तर आणखी वेगळं. एबीएस आणि हाय इम्पॅक्ट एकत्र दळले तर दाना दिसतो छान, माल निघतो ठिसूळ, कारण दोघांचं एकमेकांत जमत नाही. एबीएसला चिवटपणा देतं ते त्यातलं रबर, आणि दहा-पंधरा वर्षांच्या उन्हा-उष्णतेत तेच आधी मरतं. जुना पांढरा कॉम्प्युटर पिवळा पडलेला बघितलाय ना? त्यातलंच ते. म्हणून असल्या दान्यात व्हर्जिन (कोरा, न वापरलेला) माल घालावाच लागतो.

रंगाचं पण ऐका. सगळे रंग एकत्र आले की एकच रंग साधतो, काळा. पुनर्वापराचा माल काळा असतो त्यात डिझाइन-बिझाइन काही नसतं.

आणि शेवटचं: बादली फुटली तर बाई दोन शिव्या घालून नवी आणेल. चार्जर पेटला तर? विजेच्या वस्तूच्या कवचाला आगीची परीक्षा द्यावी लागते. मिश्र दान्याची एक बॅच पास होते, दुसरी नापास. ऑर्डर रद्द झाली की माल माझ्या गोदामात पडतो, तुमच्या माळ्यावर नाही.

अर्धवट_केमिस्ट

दोघेही अर्धं बरोबर. खरी अडचण ठिसूळपणाची नाही, ब्रोमिनची आहे.

जुन्या ढेरीवाल्या टीव्ही-मॉनिटरच्या मागच्या कवचात आग लागू नये म्हणून ब्रोमिनयुक्त रसायनं घालत. डेकाबीडीई हे त्यातलं नावाजलेलं, आणि त्याचा जोर वाढवायला जोडीला अँटिमनी. प्रमाण चिमूटभर नसायचं, वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास जायचं. ही रसायनं प्लॅस्टिकला रासायनिक बंधाने बांधलेली नसतात, नुसती मिसळलेली असतात, त्यामुळे हळूहळू घरातल्या धुळीत येतात. याच कुळातली दोन मिश्रणं २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या (घातक, लवकर न विरणाऱ्या रसायनांवरचा जागतिक करार) बंदीयादीत गेली, डेका २०१७ मध्ये.

आता गणित करा. विजेच्या नव्या वस्तूत या कुळाची मर्यादा ०.१ टक्का, युरोपात २००६ पासून, नंतर आपल्या नियमांतही. दहा टक्केवाला एक किलो चुरा मर्यादेत आणायचा तर त्यात नव्व्याण्णव किलो स्वच्छ प्लॅस्टिक ओतावं लागेल. म्हणजे एक जुना मॉनिटर शंभर नव्यांचा माल बिघडवू शकतो. दुधात मिठाचा खडा पडावा तसं.

म्हणून 'यंत्राचं यंत्रात' हे रामबागकरांचं वाक्य ऐकायला गोड आहे, पण आधी निवडणं आलं. आणि मोठ्या कारखान्यात प्लॅस्टिक ओळखणारी जी इन्फ्रारेड यंत्रं असतात, त्यांना काळं प्लॅस्टिक दिसतच नाही. काळ्या रंगासाठी घातलेली काजळी सगळा प्रकाश गिळते. ब्रोमिन शोधायला क्ष-किरणांचं यंत्र लागतं. ते दळणाच्या गिरणीत नसतं.

लोकमान्यनगरची_आजी

मी काळा उलथना फेकून दिला की हो, गेल्या वर्षी बातमी वाचून! हेच का ते? सूनबाई म्हणते, आई, व्हॉट्सॲपवरचं काहीही वाचता.

अर्धवट_केमिस्ट

हेच, आजी, आणि सूनबाई पण थोडी बरोबर. २०२४ मध्ये अमेरिकेत काळ्या प्लॅस्टिकच्या घरगुती वस्तू तपासल्या, त्यांत स्वयंपाकाच्याही होत्या. काहींत हीच आगरोधक रसायनं सापडली, म्हणजे टीव्हीचं कवच खरोखर उलथन्यापर्यंत पोचतं. पण त्या निबंधात हिशेब चुकला होता. दर किलो वजनामागे रोजची सुरक्षित मर्यादा ७,००० नॅनोग्रॅम, माणसाचं वजन ६० किलो धरून ७,००० ला ६० ने गुणलं, उत्तर हवं ४,२०,०००, छापलं ४२,०००. त्यामुळे धोका मर्यादेला टेकलाय असं दिसलं, प्रत्यक्षात दहा पट लांब होता. डिसेंबरात दुरुस्ती आली, पण बातमी तोवर घरोघरी पोचली होती.

उलथना लाकडी घ्या, तो कधीही बराच.

रामबागकर

म्हणजे माझाच मुद्दा झाला! बादलीत, उलथन्यात गेलं की त्याची तपासणी कुणी करत नाही. परत मशीनमध्ये गेलं तर निदान ०.१ टक्क्याची अट, आगीची परीक्षा, कागदपत्रं असतात. चोराला पोलिसांच्या गल्लीतच ठेवावं.

जेलरोड_रिपेअर

मला या सगळ्यात गंमत वाटते. तुम्ही 'हिरवा लॅपटॉप' कसा बनवायचा यावर भांडताय, आणि माझ्या टेबलावर आज सहा लॅपटॉप आहेत, सहाही कवचामुळे आलेत. बोर्ड चांगला, स्क्रीन चांगली, रॅम चांगली. बिजागरी उखडलीय. बिजागरीचा स्क्रू पितळेच्या बारक्या नटात बसतो, तो नट प्लॅस्टिकमध्ये रुतवलेला असतो आणि दोन-तीन वर्षं उघडझाप झाली की प्लॅस्टिकसकट बाहेर येतो. मी अरल्डाइट भरून जुळवतो. कंपनीकडे गेलात तर सांगतात अख्खी बॉडी बदला, खर्च ऐकून गिऱ्हाईक नवाच घेतं.

त्यात जर तुम्ही जुन्या मालाचा ठिसूळ दाना घालणार असाल तर कल्याणच. दोन वर्षांत मोडणारं हिरवं कवच आणि दहा वर्षं टिकणारं साधं कवच, यात हिरवं कोणतं ते सांगा. इंदूर २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिलं आलं, अभिमान आहेच. पण आपल्याला कचरा चांगला टाकता येतो, न टाकणं अजून जमलेलं नाही.

सांवेररोडवाला

बिजागरीचं शंभर टक्के मान्य. तिथे व्हर्जिनच पाहिजे.

पण केमिस्टसाहेबांनी निवडायचं म्हटलं म्हणून सांगतो, निवड आमच्या गल्लीत पण होते, यंत्राशिवाय. तांब्याची तार लाल करून तुकड्याला टेकवायची आणि परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली म्हणजे ब्रोमिनचा संशय, माल बाजूला. मिठाच्या पाण्याचा हौद असतो, हलकं वर, जड खाली. तुमच्या भाषेत त्याला काय म्हणतात माहीत नाही, पोरं आठवी नापास आहेत आणि नुसत्या मोडण्याच्या आवाजावरून एबीएस ओळखतात.

एवढी निवड केली तर रामबागकरांचं मी निम्मं मानतो. प्रिंटरचा कागदाचा ट्रे, आतल्या फ्रेमा, तापणाऱ्या भागांपासून आणि तारेपासून लांबचे भाग, यात जुना दाना चालतो. पण त्याचा भाव कोण देणार? निवडणाऱ्या पोराची रोजी त्या दान्यात मावत नाही.

अर्धवट_केमिस्ट

तारेला हिरवी ज्योत क्लोरिननेही येते, म्हणजे पीव्हीसी पण त्यात अडकतं. चालेल, तेही नकोच आहे. फक्त ती चाचणी बंद खोलीत करू नका आणि लहान पोरांकडून तर मुळीच नाही. तो धूर फार वाईट.

मिठाचं पाणी मात्र घरी करता येईल. लिटरभर पाण्यात दीडशे ग्रॅम मीठ. साधं एबीएस आणि हाय इम्पॅक्ट तरंगतं, ब्रोमिनवालं बहुधा बुडतं. बुडालं म्हणजे ब्रोमिनच असं नाही. पॉलिकार्बोनेटचं मिश्रण किंवा काच भरलेलं प्लॅस्टिकही बुडतं. पण तरंगलेलं बरंचसं निर्धास्त वापरता येतं. रिमोटमध्ये आगरोधक सहसा नसतंच. बुडालेलं नष्ट करावं.

सांवेररोडवाला

'नष्ट करावं.' कुठे करावं साहेब? घातक कचऱ्याची भट्टी आपल्या जवळची कोणती? पिथमपूर. भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये तिथे आणला तेव्हा काय झालं ते सगळ्या माळव्याने पाहिलं. रस्त्यावर माणसं उतरली. मी पण उतरलो होतो, माझा साडू तिथे राहतो. जून संपेपर्यंत तो जाळला गेला, पण त्या चिमणीचं नाव काढलं की अजून घरात वाद होतो. तुमचा मॉनिटर तिकडे पाठवायचा तर साडूला कोण सांगणार?

अर्धवट_केमिस्ट

उघड्यावर जाळण्यापेक्षा नियंत्रित भट्टी बरी, हे मी साडूलाही सांगेन. डायऑक्सिन ही अतिविषारी रसायनं कमी तापमानाच्या धुरात जास्त होतात. पण सांगण्याची हिंमत आणि शेजारी राहण्याची हिंमत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कबूल.

जेलरोड_रिपेअर

म्हणूनच म्हणतो, अरल्डाइट.

रामबागकर

रविवारी गच्चीवर प्रयोग केला. अटालेवाला अजून परत आलेला नाही, त्यामुळे माल हातातच होता. सौभाग्यवतींचं पोह्यांचं पातेलं घेतलं, त्यावरून जे व्हायचं ते झालं. (आता ते पातेलं प्रयोगाचंच.) नऊ रिमोटांतल्या बॅटऱ्या नि आतले बोर्ड काढून कवचं टाकली, सगळी तरंगली. दुसऱ्या प्रिंटरच्या ट्रेचा तुकडाही तरंगला. मॉनिटरच्या मागच्या कवचाचा तुकडा करवतीने कापून टाकला, तो दगडासारखा सरळ तळाला.

तरंगलेलं पोतं सांवेररोडवाल्यांना देतो, पत्ता निरोपात पाठवा. भाव नको, फक्त बादली करू नका.

मॉनिटरचं कवच सध्या गोणपाटात बांधून गच्चीच्या कोपऱ्यात आहे. अटालेवाला काल खालून ओरडून विचारत होता, "भिया, वो डब्बा देना है क्या?" मी नाही म्हणालो. आता ते देऊ कुणाला?