मदत हवी आहे: ७ जणांच्या ऑफिससाठी सांभाळायला सोपा नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांना फाइल देणारा डिस्कचा डबा) कोणता?

नमस्कार मंडळी,

आमचं आर्किटेक्टचं छोटं ऑफिस आहे. ड्रॉइंग, साइटचे फोटो, पत्रव्यवहार मिळून दीड टीबी डेटा. आत्तापर्यंत एका जुन्या पीसीवर फोल्डर शेअर करून काम चालायचं. गेल्या आठवड्यात त्याची हार्ड डिस्क गेली. एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी होती, पण तीन आठवड्यांपूर्वीची. मधली सगळी ड्रॉइंग दोघींनी रात्री बसून पुन्हा काढली. ही वेळ त्यांच्यावर परत येऊ द्यायची नाही.

आयटीवालं कुणी नाही. हिशेब मी बघते, हेही मीच बघणार. त्यामुळे युजर वाढवणं, एखादा फोल्डर कुणाला बंद करणं ब्राउझरमधून जमायला हवं, आणि डिस्क कुरकुरायला लागली की ईमेल यावा. कुणी फाइलवर भलतंच सेव्ह केलं तर कालची फाइल परत मिळावी, हे तर हवंच.

सिनॉलॉजी किंवा क्यूनॅप कंपनीचा तयार डबा घ्यावा, की जुन्या पीसीवर ट्रूनॅस हे नॅसचं सॉफ्टवेअर टाकावं? २ बे (डिस्कचे खण) पुरतील का?

उत्तर:
तयार डबाच घ्या. ट्रूनॅस उत्तम आहे, पण त्याला जाणकार माणूस लागतो. ४ टीबीच्या २ डिस्क रेड १ मध्ये (दोन्हींवर तोच डेटा) लावा, वापरायला ४ टीबी मिळेल. डिस्क सीएमआरच घ्या (हे डिस्कवर लिहिण्याच्या पद्धतीचं नाव); एसएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी, असली तर बिघडलेली डिस्क बदलल्यावर रेड पुन्हा तयार व्हायला फार वेळ लागू शकतो. कालच्या फाइलसाठी स्नॅपशॉट (फाइल त्या त्या वेळी जशी होती तशी जपणं) हवेत, ती सोय सगळ्या मॉडेलांत नसते, बघून घ्या. ड्रॉइंग जड असतात, तेव्हा वायफायपेक्षा केबल बरी.

मात्र रेड १ म्हणजे बॅकअप नव्हे! चुकून डिलीट केलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते. रोज रात्री एक्स्टर्नल डिस्कवर आपोआप कॉपी लावा, आणखी एक कॉपी ऑफिसबाहेर ठेवा. यूपीएसही हवाच.

धागाकर्ती:
खूप आभार. डबाच जळाला तर डिस्क पीसीला लावून फाइल काढता येतील?

उत्तर:
विंडोजमध्ये सरळ दिसणार नाहीत, आत लिनक्सची फाइल सिस्टिम असते. म्हणून एक्स्टर्नल डिस्क एनटीएफएसमध्ये (विंडोजच्या फाइल सिस्टिममध्ये) ठेवा, फाइल साध्या कॉपी होतील असं सेटिंग निवडा आणि महिन्यातून एकदा ती डिस्क पीसीला लावून चार ड्रॉइंग उघडून बघा.