गर्भ गेल्यावर "देवाची मर्जी" म्हणणं, आधार की आरोप?

यावलची_लेक:
माझ्या वहिनीचं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. आमच्या घरी देवधर्म सगळा आहे, मी स्वतः मनुदेवीला जाणारी, त्यामुळे मला नास्तिक समजून उत्तरं देऊ नका. पण भेटायला येणाऱ्या बाया काय बोलून जातात बघा. "देवनी दिन्हं, देवनी लिन्हं", "मागच्या जन्माचं देणं असंल", एकीने तर कानबाईच्या (आमची खानदेशातली देवी) रोटात, म्हणजे श्रावणातल्या तिच्या नैवेद्यात, काही चुकलं होतं का म्हणून विचारलं. आणि वहिनीला दूध आलेलं, ब्लाउज सारखा भिजत होता, त्यावर एकीनेही अवाक्षर काढलं नाही. एवढ्या महिन्यांचं गेलं तर दूध येऊ शकतं आणि ते थांबवायला डॉक्टर गोळी देतात हे आम्हाला नर्सनेच सांगितलं. माझं म्हणणं एवढंच, देवावर भरोसा ज्याचा त्याने ठेवावा, पण दुसरीचं बाळ का गेलं त्याचं कारण देवाच्या नावावर सांगू नये.

अमळनेरकर:
ताई, पटलं नाही. ज्या बायांना तुम्ही नावं ठेवताय त्याच पहिल्या दिवशी डबा घेऊन आल्या असतील. माझ्या आईचंही असंच गेलं होतं, त्या काळात तिला समजावून सांगणारं कोण होतं? ती चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी गेली, तिच्यासाठी गड म्हणजे माहेर, तिथे पोटभर रडली आणि घरी येऊन जेवायला लागली, तोवर जेवतच नव्हती. डॉक्टरने क्रोमोसोम सांगितले असते तर कोणाला झोप लागली असती? देवाची मर्जी म्हणजे तुझा दोष नाही, एवढाच त्याचा अर्थ.

लॅबवाली_जळगाव:
झोप लागते भाऊ, मी रोज बघते. गर्भ राहिल्याचं कळलेल्या शंभर बायांमधे १० ते २० जणींचा जातो, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच, आणि त्यातल्या जवळपास निम्म्या वेळा कारण क्रोमोसोमचं, म्हणजे गर्भाच्या पेशींतल्या गुणसूत्रांच्या बिघाडाचं असतं. म्हणजे तिने पपई खाल्ली, हंडा उचलला, अमावस्येला बाहेर गेली, यातलं काहीच कारण नसतं. हे ऐकून बाया माझ्यासमोर रडल्यात, सुटल्यासारख्या. आणि दोन-तीनदा गेलं तर तपासणी करायलाच पाहिजे, थायरॉईड, शुगर, रक्त गोठण्याचा दोष, त्या दोषावर ऍस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शनं आहेत. त्र्यंबकेश्वरच्या नारायण नागबली विधीला पैसे निघतात आणि या टेस्टच्या वेळी "पुढच्या महिन्यात बघू" म्हणतात, माझा राग त्यावर आहे.

धुळेकर_काका:
आपल्या पूर्वजांनी पोटातल्या जीवालाही मोजलंय हो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आहे, जितक्या महिन्यांचा गर्भ गेला तितक्या रात्री पाळायच्या. आज हॉस्पिटलवाले पिशवी साफ करतात आणि दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात.

यावलची_लेक:
काका, त्या रात्री बाईने शुद्ध व्हायच्या आहेत, बाळाच्या आठवणीच्या नाहीत. वहिनीला तेवढे दिवस देवघरापासून लांब ठेवलं. जिला देव सगळ्यात जास्त पाहिजे होता तिलाच लांब, हा कसला आधार?

धुळेकर_काका:
शिवाशिव मलाही मान्य नाही. पण त्या दिवसांत तिला कोणी कामाला जुंपत नव्हतं हेही बघा. कायद्यात गर्भ गेल्यावर ६ आठवड्यांची पगारी रजा आहे म्हणतात, रावेरला केळीच्या बागेत रोजंदारी करणारीला कोण देतं ती?

भुसावळवाली_आपा:
आमच्यात मानतात की चार महिन्यांनी बाळात रूह म्हणजे जीव येतो, आणि आईने सब्र केला, धीर धरला तर तेच बाळ कयामतीला तिला जन्नतमधे ओढून नेतं. मला स्वतःला या गोष्टीने उभं केलं, कोणी काही म्हणो. पण नातेवाईक सब्र म्हणजे रडू नको असं सांगतात ते चूक आहे. पैगंबरांचा लहानगा इब्राहीम गेला तेव्हा ते स्वतः रडले होते.

पारोळ्याची_सून:
अमळनेरकरांच्या बाजूने लिहिते. आमच्याकडे कानबाईच्या रोटाचे गहू घरातल्या माणसांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ मोजून काढतात. माझं गेलं त्या श्रावणात सासूबाईंनी सगळ्यांचं मोजून झाल्यावर आणखी सव्वा मूठ सुपात टाकली, कोणाच्या नावाची ते बोलल्या नाहीत, मी पण विचारलं नाही. डॉक्टरांनी मला चांगलंच समजावलं होतं, पण माझं बाळ घरातलं होतं हे मला त्या गव्हाने कळलं. हे लॅबमधे मिळत नाही ताई.

लॅबवाली_जळगाव:
नाही मिळत, खरंय. पण तुमच्या सासूबाईंनी कारण नाही सांगितलं, मूठ टाकली. रोटात चुकलं का विचारणारीही कानबाईचीच भक्त आहे, हा फरक तुम्ही सगळे गाळून बोलताय.

अमळनेरकर:
दोन वाईट बायांवरून श्रद्धाच आरोपी करू नका. शहरात समुपदेशक मिळतो, धडगावच्या पाड्यावर रात्री तिच्याजवळ कोण बसतं? भगतच ना?

आशाताई_नंदुरबार:
मी बसते दादा. आणि भगतही बसतो, त्याला मी कधी हाकललं नाही, बाईचं मन त्याच्यावर असतं. पण आमच्या भागात भिल्ल आणि पावरा लोकांमधे सिकल सेल, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, खूप आहे, आणि सिकल सेलच्या बाईला गर्भ जायचा धोका जास्त. तिचं दुसऱ्यांदा गेलं की भगत म्हणतो बाहेरचं आहे, कोंबडं द्या, त्यात महिने जातात आणि तोवर ती परत गरोदर राहते, रक्त तपासलेलंच नसतं. नवऱ्याचं पण तपासायला लागतं, तो तर येतच नाही. म्हणून मी आता भगतालाच सांगते, तुझं विधी तू कर, पण कोंबडं मागायच्या आधी तिला माझ्याबरोबर उपकेंद्रात पाठव. काही पाठवतात, काही भांडतात. तुमच्या गावात भेटायला जाणाऱ्या बायांना पण कोणीतरी असंच तोंडावर सांगायला पाहिजे, डबा द्या, जवळ बसा, कारण विचारू नका.